अणुभट्टीच्या हिशेबातली तूट

आमच्या पाथरीच्या बाजारात एखाद्या आडत्याच्या वहीत तूट निघाली, की दोनच संशय घेतले जातात : आकडा मांडताना कारकून चुकला असेल, नाही तर माल वाटेत गहाळ झाला असेल. न्यूट्रिनो नावाच्या कणाच्या इतिहासात नेमका हाच वाद पडला.

मुळात पाउलीने 1930 साली हा कण कल्पिला, तोही हिशेब जुळावा म्हणूनच. बीटा किरणोत्सर्गात थोडी ऊर्जा नाहीशी होताना दिसे. प्रत्यक्षात तो राइन्स व कोवन यांना सापडला 1956 च्या जूनमध्ये, अमेरिकेतील सव्हाना नदीकाठच्या अणुभट्टीपाशी. (दोनच महिन्यांत, 4 ऑगस्टला, ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ सुरू झाली, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.)

न्यूट्रिनोंच्या जाती तीन. भट्टीतून निघतात ते इलेक्ट्रॉन-जातीचे, काटेकोर बोलायचे तर प्रतिन्यूट्रिनो. आणि मोजणारे यंत्रही तेवढीच जात ओळखते. वाटेत कणाने रूप पालटले, की यंत्राच्या लेखी तो हरवलाच! किती हरवले यावरून जातींची सरमिसळ कळते, आणि किती अंतरावर हरवले यावरून त्यांच्या वस्तुमानांतील तफावत. जपानच्या ‘कामलँड’ने 2002 साली सरासरी 180 किलोमीटरांवरच्या भट्ट्यांचे कण मोजले : अपेक्षा सुमारे 87 ची, मिळाले 54.

चीनमधील दाया बे येथील मंडळींची युक्ती मला सर्वांत आवडते. त्यांनी एकसारखी यंत्रे भट्ट्यांजवळही ठेवली आणि दीड-दोन किलोमीटरांवरही. माल भरताना आणि उतरवताना काटा एकच. मग कारकुनावर संशय कशाचा? 2012 साली दूरच्या यंत्रांत शेकडा सहाची तूट निघाली, आणि सरमिसळीचा सर्वांत लहान कोन हाती आला.

पण 2011 मधील नव्या गणिताने अगदी भट्टीच्या दाराशीही तूट दाखवली होती. काहींनी चौथी, कशाशीच संबंध न ठेवणारी जात कल्पिली. माझा संशय इथे मात्र कारकुनावर आहे. युरेनियमचे अपेक्षित आकडेच फुगले असावेत, असे पुढची मोजमापे सुचवतात. तरी खात्री मोजूनच व्हायची. भाभा केंद्राने ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ भट्टीच्या गाभ्यापासून 13 मीटरांवर ‘इस्मरान’ योजले, ते याही कामासाठी : मीटरभर लांबीच्या 90 प्लास्टिकच्या दांड्या, वजन टनाच्या आसपास. अडचण येते ती आकाशातून. विश्वकिरणही तशाच चमका उठवतात. म्हणून भोवती शिशाचे आणि बोरॉनमिश्रित पॉलिथिनचे थर, आणि भट्टी चालू असतानाची मोजणी बंद असतानाच्या मोजणीशी ताडून पाहायची.