पिलाच्या दांतांखालीं

धाराशिव जिल्ह्यांत, तुळजापूर तालुक्यांत, अणदूर व नळदुर्ग या दोन गांवीं खंडोबाचीं दोन देवळें आहेत आणि मूर्ति मात्र एकच आहे. वर्षांतील बहुतेक काळ देव अणदूरास असतो व हिवाळ्यांत कांहीं आठवडे नळदुर्गास जाऊन राहतो. या देवाच्या परिवारांत जसा घोडा तसा कुत्राहि आहे. आणि त्याचे जे वाघ्ये, ते नांवानें वाघ असले तरी आचारानें श्वानच होत. पुढें कोटंबा ठेवून भुंकत भुंकत त्यांतील नैवेद्य तोंडानें खावा, अशी त्यांची जुनी रीति आहे. ज्या प्रांतांत देवाचा भक्त स्वतःस देवाचा कुत्रा म्हणवून घेतो, तेथें खऱ्या कुत्र्याच्या दांतांखालीं काय पडलें, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें अगदींच हलका मानूं नये. कारण आजच्या सुशिक्षित कुटुंबांत चार महिन्यांचें पिलूं दांत शिवशिवत असतां खुर्चीचा पाय कुरतडूं लागलें, म्हणजे तोच प्रश्न पुन्हां उभा राहतो.

कुत्र्याच्या मोठेपणाचे दाखले दक्षिणेंत पुष्कळ आहेत. राष्ट्रकूट राजे आपणांस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत; तें लट्टलूर म्हणजे १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांत मोडणारें लातूर, असें विद्वान् मानतात. त्याच घराण्यांतील तिसऱ्या कृष्णाच्या अमदानींत, ९४९-५० च्या सुमारास, कर्नाटकांतील आतकूर येथें एक शिळा उभी राहिली. गंगराजा बूतुग याचा सेवक मणलेर यानें लढाईंतील पराक्रमाबद्दल ‘काळी’ नांवाचें कुत्रें मागून घेतलें होतें. तें एका दांडग्या रानडुकरावर सोडलें असतां दोन्हीं जनावरें झुंजून मेलीं. तेव्हां मणलेरानें त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ ही शिळा उभारून तिच्या पूजेसाठीं जमीन नेमून दिली. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें ‘मानसोल्लासां’त राजाच्या विनोदांमध्यें सारमेयविनोदासहि स्थान दिलें, आणि अठराव्या शतकांत, वाघापासून आपला प्राण वांचविणाऱ्या कुत्र्याला शाहूमहाराजांनीं पालखी व जहागीर दिल्याची हकीकत ग्रँट डफनें नमूद केली आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस त्याची समाधि अजून दाखवितात.

परंतु पालखींत बसणारें कुत्रें शतकांत एखादेंच. बाकीच्यांचा इतिहास शिळेवर नसून उकिरड्यावर आहे. जुन्या वसाहती खणतांना गुराढोरांच्या हाडांवर श्वानदंतांच्या खुणा दिसल्या कीं तेथें कुत्रें होतें असें पुराणवस्तुशास्त्रज्ञ ओळखतात. म्हणजे कुत्र्याचें चरित्र त्यानें चघळलेल्या वस्तूंवरच लिहिलेलें असतें. मनुष्यानें टाकलें तें त्यानें खाल्लें. आपल्याकडे तें टाकलेलें अन्न बहुधा ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, आणि क्वचित् हाड. मांसाहारी प्राण्याला भाकरी घालणें हा अन्याय आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं २०१३ सालीं ‘नेचर’ पत्रिकेंत प्रसिद्ध झालेलें संशोधन ध्यानांत घ्यावें: पिष्ट पचविणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्याच्या मानानें पाळीव कुत्र्यांत कितीतरी अधिक आढळतात. मनुष्याच्या धान्यावर त्याचें शरीर असें घडत गेलें आहे. कडक भाकरीचा तुकडा म्हणूनच पिलाला सोसतो. तो दांताखालीं मोडतो, लाळेनें विरघळतो, हिरड्यांची शिवशिव शमवितो. मात्र तो बिनतिखटामिठाचा असावा आणि त्यावर बुरशी धरलेली नसावी. बुरशीच्या विषानें कुत्र्यास झटके येतात.

हाडाची गोष्ट निराळी. ‘आमच्या वाडवडिलांचीं कुत्रीं हाडेंच खाऊन जगलीं’ हा युक्तिवाद वारंवार ऐकूं येतो. त्यांत एक दोष आहे. जीं जगलीं तींच तेवढीं आठवणींत राहिलीं. आंतड्यांत किरच रुतून जीं गोठ्यामागें मेलीं त्यांची समाधि कोणी बांधली नाहीं. उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्यानें जगास दिलेली नामांकित जात; बहुधा काळीभोर, आणि मांस व दूध या दोहोंसाठीं पाळली जाणारी. तिच्या मटणाचा रस्सा झाला कीं उरलेली नळी पिलापुढें टाकण्याचा मोह सर्वांनाच होतो. परंतु शिजलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या निघतात. आणि रस्स्यांतील कांदा तर कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतो. कच्च्या हाडाला तेवढ्या चिरफळ्या निघत नाहींत हें खरें, तरी त्यावरील जंतु घरांत येतात आणि दाढ फुटण्याचें भय कायमच राहतें.

हें भय नीट समजून घेतलें पाहिजे. पिलाला दुधाचे दांत अठ्ठावीस. तिसऱ्या आठवड्यापासून ते येऊं लागतात, साडेतीन-चार महिन्यांचे सुमारास पडूं लागतात, व सहा-सात महिन्यांत कायमचे बेचाळीस दांत पुरे होतात. दुधाचा दांत पातळ व सुईसारखा. तो सहज मोडतो आणि त्याच्या उघड्या गाभ्यांतून शिरलेला संसर्ग खालीं वाढणाऱ्या नव्या दांतास बाधतो. पुढें मोठेपणीं फुटणारी दाढ बहुधा एकच असते: वरच्या जबड्यांतील चौथी उपदाढ. अतिकठीण वस्तु चावतांना तिचा बाहेरचा पापुद्रा चिरून निघतो.

बाजारांत मिळणाऱ्या वस्तूंचा इतिहासहि मौजेचा आहे. जेम्स स्प्रॅट नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ १८६० च्या सुमारास विजेपासून घरांचें रक्षण करणारे दांडे विकण्यासाठीं लंडनला गेला. धक्क्यावरील कुत्रीं गलबतांचीं टाकाऊ बिस्किटें खातांना त्यानें पाहिलीं आणि कुत्र्यांसाठीं निराळें बिस्किट काढलें, असें सांगतात. त्याच्याच दुकानांतील चार्ल्स क्रफ्ट हा कारकून पुढें श्वानप्रदर्शनांचा प्रणेता झाला. उष्ट्याची जागा मालानें घेतली ती येथून. आज दुकानांत बिस्किटांशेजारीं गुंडाळलेलें कच्चें चामडें, रेड्याचें शिंग, खूर, याकच्या दुधाचा दगडासारखा खवा, असे नाना पदार्थ टांगलेले असतात. सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार तर आपल्याकडे कायद्यानेंच बंद आहे. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ असें छापलेलें असतें; पण दगडहि नैसर्गिकच आहे! चामड्याचा तुकडा गिळला गेला तर पोटांत फुगतो व आंतड्याचा मार्ग अडवितो. शिंग व खूर यांची चूक त्यांच्या कठीणपणांत आहे.

कसोटी सोपी आहे व ती दुकानांतच करतां येते. वस्तूंत अंगठ्याचें नख रुतावें, किंवा ती हातानें कांहींशी वांकावी. तिनें स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर टकटक करून पाहावें; दुखेल असें वाटलें तर ती पिलाच्या दाढेसहि नको. आकार असा असावा कीं सबंध तोंडांत मावूं नये, आणि झिजून मावण्याजोगा झाला कीं काढून घ्यावा. या कसोटीस पिलांसाठीं केलेलें मऊ रबराचें खेळणें उतरतें. ओला करून गार केलेला सुती फडकाहि उतरतो, मात्र त्याचे धागे निघूं लागले कीं तो फेकावा. गार केलेलें जाडसर गाजरहि चालतें. जवळ कोणी बसलेलें असावें, ही अट सर्वांनाच लागू.

खंडोबाच्या गांवांत नारळ-खोबरें अमाप. पण नारळाची करवंटी दांतांस कठीण व फुटली तर धारदार. खोबऱ्याच्या वाटीचा तुकडा पिलूं न चावतांच गिळतें. हा जिल्हा द्राक्षबागांचाहि आहे. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचें मूत्रपिंड निकामी होऊं शकतें, आणि किती खाल्ल्यानें होईल याचा नियम नाहीं. तेव्हां बागेंत गळलेल्या मण्यांपासूनहि पिलास दूर ठेवावें. बिनसाखरेच्या मिठाईंतील झायलिटॉल हेंहि त्याला विषच.

चघळतांना थोडेंसें रक्त दिसलें किंवा पडलेला दांत जमिनीवर सांपडला, तर घाबरण्याचें कारण नाहीं. पुष्कळदां तो गिळलाहि जातो. मात्र नवा सुळा आल्यावरहि दुधाचा सुळा शेजारीं तसाच उभा असेल, तर दोहोंमध्यें अन्न अडकून हिरडी कुजते. सातव्या महिन्यांत एकदां पिलाचे ओठ वर करून दांत मोजावे, आणि असा जोड सुळा दिसल्यास गुरांच्या दवाखान्यांत नेऊन तो काढवून घ्यावा.