चाकूची धार आणि तिचें मोल

खिशांत मावणारा, पातें मुठींत मिटणारा चाकू ही कांहीं नवी वस्तु नव्हे. रोमन लोकांनीं वापरलेले असे चाकू युरोपांतील संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. असा चाकू बाळगणाऱ्यापुढें दोन प्रश्न नेहमींच उभे असतात. धार कोणत्या दगडावर लावावी, आणि पातें दगडावर किती कलतें धरावें? प्रश्न क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांपैकीं पहिल्याच्या उत्तरासाठीं इंग्लंडांतील शेफील्ड शहराला माणसांचे प्राण मोजावे लागले.

१७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें शेफील्डजवळ मुशींत वितळविलेलें एकजिनसी पोलाद तयार केलें. पूर्वींच्या पोलादाचा कठिणपणा जागोजाग निराळा असे. या पोलादाचा कस सर्वत्र सारखा असल्यामुळें निमुळती धारही त्यावर टिकूं लागली. मात्र पातीं घासण्याचें काम वाळूच्या दगडाच्या फिरत्या चाकांवर चाले. चाक ओलें असे तेथें त्रास कमी. कोरड्या चाकाची धूळ कामगारांच्या छातींत जाऊन बसे. काटे घासणारे कोरड्या चाकावरच काम करीत, आणि त्यांतले अनेक ऐन उमेदींत मरत. डॉक्टर कॅल्व्हर्ट हॉलंड यांनीं १८४३ मध्यें या फुप्फुसरोगांवर ग्रंथ लिहिला. दोष मुख्यतः दगडांतील गारेच्या धुळीचा होता.

त्यावरील तोडगा अनपेक्षित दिशेनें आला. १८९१ मध्यें अमेरिकेंत एडवर्ड अॅचिसन कृत्रिम हिरे करण्याच्या खटपटींत होता. चिकणमाती व कोक यांचें मिश्रण विजेच्या प्रवाहानें तापवितां चकचकीत, अतिकठिण स्फटिक त्याच्या हातीं आले. त्यांना त्यानें ‘कार्बोरंडम’ असें नांव दिलें. त्याचा उत्तरार्ध ‘कुरुंद’ या भारतीय शब्दाच्या कुळांतला आहे. कृत्रिम कणांच्या चाकांनीं वाळूच्या दगडाची जागा घेतली, तसतशी कारखान्यांतील गारेची धूळ ओसरली.

घरगुती निसणाही याच कणांचा मिळूं लागला. त्याची एक बाजू जाड कणांची, दुसरी बारीक. पात्याला खांडें पडलीं असतील तर जाड बाजू घ्यावी. धार नुसती मंदावली असेल तर बारीक बाजू पुरते. वेगानें फिरणाऱ्या कोरड्या चाकावर मात्र पातें तापून त्याचें पाणी उतरतें.

उरला प्रश्न कोनाचा. वस्तराही मिटतो, परंतु त्याची पाठ दगडावर टेकते. म्हणून त्याचा कोन करणारानेंच ठरविलेला असतो. चाकूला ही सोय नाहीं. फळें चिरावयाचीं असल्यास दर बाजूस १५ अंश, लांकूड तासावयाचें असल्यास २० अंश ठीक. दोन सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून सुमारें ५ मिलिमीटर उचलली म्हणजे १५ अंश होतात, ७ उचलली म्हणजे २०. निमुळती धार सहज कापते, पण मऊ पोलादांत लवकर दुमडते. जाड धार टिकते, पण जोर अधिक मागते. आणि पातें घसरलें, तर तोच जोर बोटावर येतो. म्हणून कामाचें स्वरूप व पोलादाचा कस पाहून कोन ठरवावा, आणि पहिल्या ओढीपासून शेवटच्या ओढीपर्यंत तो बदलूं देऊं नये.