दौलतजादा आणि जाहिरातीचा वाटा

वाशीम येथे सापडलेला वाकाटक द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट संस्कृत-प्राकृतमिश्रित आहे. त्यातील दान ब्राह्मणांस आहे, कलावंतांस नव्हे. परंतु दानासमवेत दात्याचे नावही कोरावे, ही रीत त्यात स्पष्ट दिसते. पुढे तमाशात दौलतजादा करणाऱ्याचे नाव भर फडात पुकारले जाई. यूट्यूबने २०१७ साली सुरू केलेल्या ‘सुपर चॅट’मध्ये थेट प्रक्षेपण चालू असता देणाऱ्याचे नाव व रक्कम सर्वांसमक्ष झळकते. हा त्याच रीतीचा नवा अवतार होय. (त्यातील सुमारे तीस टक्के कंपनी राखून ठेवते, हे मात्र नवे.)

जाहिरातीचे तसे नाही. यूट्यूबने २००७ साली तिच्या उत्पन्नात कलावंतास वाटा देण्यास आरंभ केला. पण येथे पैसा देणारा व्यापारी बहुधा कलावंतास ओळखतही नाही. शिवाय २०१८ पासून एक हजार वर्गणीदार व वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण ही अट इंग्रजीस आणि वऱ्हाडीस सारखीच लागू झाली. वऱ्हाडीचा प्रेक्षक मुळातच थोडा. तेव्हा वाशीमच्या एखाद्या हौशी कलावंतास आपले संवाद प्रमाण मराठीत अथवा हिंदीत वळवावेसे वाटले, तर त्यास दोष देणे मला कठीण वाटते.