पहिले डिजिटल छायाचित्र चुकले होते

१/६
डिसेंबर १९७५. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात, कोडॅकच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या २५ वर्षांच्या अभियंत्याने सुमारे साडेतीन किलोचा एक ओबडधोबड कॅमेरा सिद्ध केला. त्यात फिल्मच नव्हती.

२/६
भिंग चित्रपट-कॅमेऱ्याचे, साठवणुकीस साधी कॅसेट, विजेसाठी १६ बॅटऱ्या. प्रकाश टिपणाऱ्या सीसीडीवर १०० गुणिले १००, म्हणजे अवघे दहा हजार बिंदू. आजचा साधा मोबाइल कोट्यवधी टिपतो.

३/६
एका सहकारी तरुणीचे छायाचित्र घेतले. ते कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागले. टीव्हीच्या पडद्यावर केस दिसले, पांढरी पार्श्वभूमी दिसली. चेहरा मात्र पार विस्कटलेला!

४/६
प्रत्येक बिंदूची उजळता चार बिटांत नोंदली जात होती आणि त्या बिटांचा क्रम उलटा जोडला गेला होता. ०००० किंवा ११११ उलटे केले तरी तेच राहतात. म्हणून काळे-पांढरे शाबूत राहिले, मधल्या करड्या छटा बिघडल्या. तारांची अदलाबदल होताच चेहरा उमटला.

५/६
१९७८ मध्ये पेटंट मिळाले. परंतु कोडॅकचा नफा फिल्म, कागद आणि रसायनांवर उभा होता. फिल्मविना कॅमेरा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. पुढे डिजिटलकडे वळूनही जानेवारी २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

६/६
फिल्मच्या काळात नवशिक्याची प्रत्येक चूक खर्चिक होती, आणि ती कळायची फिल्म धुऊन आल्यावर. सॅसनला आपली चूक लगेच दिसली, म्हणून लगेच सुधारता आली. आज कॅमेरा प्रथमच हाती घेणाऱ्याला लाभलेला वारसा हाच.