बांदा परिसरातील माकडताप आणि आरोग्य-योजनेच्या चालकाचे कौशल्य

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे जाताना महाराष्ट्राच्या हद्दीत लागणारे शेवटचे मोठे गाव म्हणजे तेरेखोल नदीकाठचे बांदा. पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानातील ही जुनी बाजारपेठ. सभोवती काजूच्या बागा, त्यांपलीकडे सह्याद्रीच्या पायथ्याचे रान आणि जवळच गोव्याची सीमा. २०१६ साली शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात माकडताप उद्भवला. आरोग्य-योजनेचे यश औषधावर किती आणि योजना चालविणाऱ्याच्या कौशल्यावर किती अवलंबून असते, हा प्रश्न त्या प्रसंगी ठळकपणे पुढे आला.

रोग अज्ञात नव्हता. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व आसपासच्या खेड्यांत तापाची साथ आली. पुण्याचे विषाणु-संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. माकडांचे मृत्यू पाहून प्रथम पीतज्वराची शंका आली; पण हाती लागलेला विषाणू निघाला तो रशियातील वसंत-ग्रीष्म मस्तिष्कज्वराच्या कुळातला, गोचिडांच्या द्वारे पसरणारा. पुढे सुमारे अर्धशतक हा रोग कर्नाटकाच्या काही जिल्ह्यांपुरताच मर्यादित राहिला. २०१२ नंतर तो बंडीपूर, वायनाड आणि २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात दिसला, व लगोलग सिंधुदुर्गात आला. म्हणजे तो येथे पोचला तेव्हा त्याचा विषाणू, वाहक आणि ऋतू ही तिन्ही साठ वर्षे ग्रंथांतरी नमूद होती. उणीव ज्ञानाची नव्हती. ते ज्ञान वेळेवर वाडीपर्यंत पोचविण्याची होती.

मेलेले माकड प्रथम दिसते ते गुराख्याला किंवा काजू वेचणाऱ्या स्त्रीला. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचीड आसपासच्या पाल्यात उतरतात, म्हणून त्या जागेभोवती पन्नास मीटरपर्यंत कीटकनाशकाची भुकटी टाकावयाची असते. यासाठी वर्दी वनरक्षकाकडे, तेथून पशुवैद्याकडे व आरोग्यकेंद्राकडे गेली पाहिजे. रुग्णाच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन निष्कर्ष परत आला पाहिजे. यांतील कोणीही दुसऱ्याचा ताबेदार नाही. त्यातून सीमा आड येते. बांद्याचा रुग्ण पुष्कळदा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो, आणि त्याची नोंद एका राज्यात, तर रोगाचे उगमस्थान दुसऱ्या राज्यात, अशी अवस्था होते. हुकूम चालविण्याचा अधिकार नसता इतरांकडून काम करवून घेणे, हेच अशा चालकाचे पहिले कौशल्य होय.

प्रकल्प-व्यवस्थापनाचे आधुनिक शास्त्र याच सुमारास, १९५७-५८ मध्ये, अमेरिकेतील रासायनिक कारखाने व आरमाराची पोलॅरिस क्षेपणास्त्र-योजना यांतून आकारास आले. ठरल्या मुदतीत, ठरल्या खर्चात वस्तू तयार झाली की तेथे यश पदरी पडते. आरोग्याच्या क्षेत्रात हे माप अपुरे पडते. हिवतापाचेच पाहावे. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्यातील कारवार व धारवाड या जिल्ह्यांत १९४० नंतरच्या दशकात डी. डी. टी. फवारणीचे प्रयोग झाले आणि १९५३ साली देशव्यापी योजना सुरू झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी मानली जाणारी रुग्णसंख्या १९६५ पर्यंत लाखाच्या आसपास उतरली; पण १९७६ मध्ये ती पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. १९६५ साली निकाल दिला असता तर ती योजना सर्वस्वी यशस्वी ठरली असती. शिवाय तेथे फवारणीचे काम एकाच खात्याच्या हाती, घराच्या भिंतीवर होते. माकडतापाची लढाई रानात आणि अनेक खात्यांत विभागलेली.

दुसरे कौशल्य पंचांगाचे. गोचिडांची पिले साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत सक्रिय असतात, आणि काजूचा हंगामही नेमका त्यातच, फेब्रुवारी ते मे या काळात येतो. त्या दिवसांत रानात जाऊ नका असे सांगणे म्हणजे वर्षाची मिळकत सोडा असे सांगणे होय. लसीचे दोन डोस महिन्याच्या अंतराने व त्यानंतर सहा ते नऊ महिन्यांनी पूरक डोस, असा क्रम होता. तो साधण्यासाठी तयारी आदल्या पावसाळ्यातच व्हावी लागे. कर्नाटकातील २००५ ते २०१० या काळाच्या पाहणीत दोन डोसांची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के व पूरक डोसासह सुमारे ८३ टक्के आढळली. मात्र टोचलेली जागा फार दुखे, आणि एकदा टोचून घेतलेला मनुष्य पुन्हा येण्यास नाखूष असे. अशा वेळी लस किती मात्रा पोचली यापेक्षा पूरक डोसाला किती माणसे परत आली, हा आकडा चालकाने पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट नावाची. तिच्याकडे व्यवस्थापनाच्या ग्रंथांचे लक्ष क्वचितच जाते. कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’, मराठीत ‘माकडताप’. दोन्ही नावांत दोष माकडावर येतो. वास्तविक माकड हे या विषाणूचे भक्ष्य आहे आणि त्याचा मृत्यू ही गावाला मिळालेली आगाऊ सूचना. परंतु नाव ऐकणारा गोचीड विसरतो व माकडाला भितो. मेलेल्या माकडाची वर्दी देण्याऐवजी ते गुपचूप पुरून टाकण्याचा मोह होतो, आणि तसे झाले तर साखळीचा पहिलाच दुवा तुटतो. रूढ नाव बदलणे चालकाच्या हाती नसते. त्या नावामागे ‘गोचीड’ हा शब्द प्रत्येक घरी उच्चारला जाईल अशी व्यवस्था करणे मात्र त्याच्या हाती असते, आणि ते काम भित्तिपत्रकापेक्षा गावातली आशा कार्यकर्ती अधिक चांगले करते.

२०२२ साली, परिणामकारकता अपुरी ठरल्याने, त्या लसीचा वापर थांबविण्यात आला. त्यानंतर बांद्यासारख्या गावी हाती राहिले ते रानात जाण्यापूर्वी अंगाला लावावयाचे प्रतिबंधक तेल, परतल्यावर गरम पाण्याने स्नान व कपड्यांची तपासणी, आणि मेलेल्या माकडाची त्याच दिवशी दिलेली वर्दी.