घोडीजवळचा आवाज : ब्रिज हमबकर निवडण्यामागचा इतिहास

१/ गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारीतला ब्रिजजवळचा पिकअप निकामी झाला. नवा घ्यायला निघाले, तर जाहिरातींत पुन्हापुन्हा एकच ग्वाही दिसू लागली : '१९५९चा अस्सल आवाज'. इतिहासाच्या विद्यार्थ्याला 'अस्सल' हा शब्द दिसला की सवयीने शंका येते. त्या शंकेमागे जाताना जे हाती लागले, ते येथे मांडते. #धागा

२/ आधी थोडी परिभाषा. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्या साथीला बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असलेली कॉइल. गिटारीची पोलादी तार कंप पावते, चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. अँप्लिफायर तोच मोठा करतो. अडचण अशी, की कॉइल ही अँटेनाही असते. घरातल्या विजेची कंपने (अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०) तीही टिपते. अखंड गुणगुण ऐकू येते ती त्यामुळेच.

३/ यावरचा उपाय देखणा आहे. एकाऐवजी दोन कॉइल घ्यायच्या, त्यांची जोडणी परस्परविरुद्ध करायची आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे ठेवायचे. गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते, पण उलट जोडणीमुळे परस्परांना छेदून जाते. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटतो, एकदा जोडणीने व एकदा ध्रुवाने, म्हणून त्याची बेरीज होते. 'हम' म्हणजे गुणगुण. तिला अडवतो तो 'हमबकर'.

४/ ही कल्पना एकाच डोक्यातून निघालेली नाही. दोन कॉइलच्या तत्त्वावरची अमेरिकन पेटंटे १९३०च्या दशकातच दिसतात. पुढे १९५०च्या दशकाच्या मध्यावर दोघे जण स्वतंत्रपणे याच प्रश्नाशी झुंजत होते. रे बट्स यांचा पिकअप ग्रेच कंपनीच्या गिटारींत गेला. मिशिगनमधल्या कॅलामझू येथे गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी २२ जून १९५५ रोजी पेटंटचा अर्ज केला. मंजुरी मिळाली २८ जुलै १९५९ रोजी.

५/ मधल्या काळात, १९५७मध्ये, हा पिकअप लेस पॉल गिटारीवर बसला. त्याच्या तळाशी एक छोटी चिठ्ठी असे : 'पेटंट अप्लाइड फॉर'. त्यावरूनच 'पीएएफ' हे नाव रूढ झाले. पेटंट मिळाल्यावरही ही चिठ्ठी सुमारे १९६२पर्यंत चालू राहिली. पुढच्या चिठ्ठीवर क्रमांक आला २,७३७,८४२. आणि हे पेटंट पिकअपचे नाहीच! ते आहे लेस पॉल यांच्या टेलपीसचे. वस्तूवर छापलेला मजकूरही साधन म्हणून तपासूनच घ्यावा लागतो, तो असा.

६/ आता जागेचा प्रश्न. ब्रिज म्हणजे आपल्या सतार-तंबोऱ्याची घोडी. घोडीजवळ तारेचा झोका लहान असतो. तेथे मूळ स्वर क्षीण आणि वरचे उपस्वर प्रमाणाने अधिक. म्हणून ब्रिजचा पिकअप धारदार पण अशक्त, तर मानेजवळचा, म्हणजे नेकचा, भरदार. दोहोंचा तोल साधायचा तर ब्रिजचा पिकअप तारांच्या अधिक जवळ न्यावा, नाहीतर त्याला वेढे अधिक द्यावेत.

७/ गिब्सनने त्या काळी यातले दुसरे काही केले नाही. ब्रिजचा पिकअप वेगळा आणि नेकचा वेगळा, असा भेदच नव्हता. प्रत्येक कॉइलला ४२ गेजच्या तारेचे साधारण पाच हजार वेढे असत, पण गुंडाळणी नेमकी कोठे थांबेल याला काटेकोरपणा नव्हता. परिणामी पिकअपचा रोध ढोबळमानाने ७ ते ९ किलोओमच्या दरम्यान कोठेही पडे. अल्निको चुंबकही एकाच प्रतीचे नसत. कोणता नग ब्रिजला लागला, हा निव्वळ योगायोग.

८/ म्हणजे '१९५९चा आवाज' असा एक आवाज अस्तित्वातच नव्हता. एकाच वर्षाच्या दोन गिटारी कानाला वेगळ्या लागू शकत. आपण आठवतो त्या मोजक्या ध्वनिमुद्रित गिटारी, कुशल हातांत पडलेल्या. उरलेल्या पुराव्यालाच त्या काळाचा सर्वसाधारण चेहरा समजणे, ही चूक आपण शिलालेखांबाबतही करतो.

९/ शिवाय ही गिटार तेव्हा फारशी खपतही नव्हती. १९५८ ते १९६० या काळातल्या सनबर्स्ट लेस पॉल दोन हजारांहूनही कमी निघाल्या आणि ते रूप बंद झाले. १९६६मध्ये जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्सच्या अल्बमवर एरिक क्लॅप्टन यांनी वापरलेली लेस पॉल मार्शल अँप्लिफायरमधून गर्जली, तेव्हा तिचे भाग्य फिरले. गुणगुण थांबवण्यासाठी घडवलेले साधन आता अँप्लिफायरला फाटलेल्या, विकृत आवाजाच्या सीमेपलीकडे ढकलण्यासाठी हवेसे झाले. लव्हर यांच्या अर्जाचा हेतू हा नव्हता.

१०/ खरी 'निवड' जन्मली १९७०च्या दशकात. तोवर कारखान्याने दिले ते वाजवायचे. लॅरी डिमार्झिओ यांच्या 'सुपर डिस्टॉर्शन'ने जुना पिकअप काढून नवा बसवण्याची बाजारपेठ उघडली : सिरॅमिक चुंबक, अधिक वेढे, सुमारे १३ किलोओम. इंग्लंडमध्ये सेमूर डंकन यांनी खराब झालेल्या गिब्सन पिकअपांना नव्याने तार गुंडाळून जेफ बेक यांच्यासाठी एक टेलिकास्टर सिद्ध केली. त्या वाटेने पुढे 'जेबी' हा सुमारे १६ किलोओमचा, ब्रिजच्या पिकअपांतला बहुधा सर्वांत परिचित नमुना आला.

११/ एडी व्हॅन हेलन यांनी गिब्सन ईएस-३३५चा पीएएफ काढून स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाच्या गिटारीत ब्रिजजवळ बसवला. १९७८चा पहिला अल्बम त्याच गिटारीने गाजवला. दोन्ही घाटांत तारांमधले अंतर निराळे, म्हणून पिकअप तिरपा. मोठ्या आवाजात तो किंचाळू नये म्हणून वितळलेल्या मेणात बुडवलेला. आज दुकानात 'रुंद अंतराचा' आणि 'मेण भरलेला' असे जे पर्याय विचारले जातात, त्यांच्यामागे याच दोन अडचणी उभ्या आहेत.

१२/ योगायोगाचे मोल कसे वाढते, याचा आणखी एक दाखला. पीएएफचे साचे काही काळे, काही मलईच्या रंगाचे निघाले. वर धातूचे झाकण असल्याने रंगाला महत्त्वच नव्हते. वादकांनी झाकणे काढली आणि मलईरंगी जोडीला प्रतिष्ठा आली. इतकी, की अमेरिकेत डिमार्झिओ कंपनीने तो रंग आपला व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतला. कोणाला दिसूही नये अशी गोष्ट मालमत्ता झाली.

१३/ मग निवडावे कसे? किलोओमचा आकडा म्हणजे आवाजाची ताकद नव्हे. तार बारीक केली तरी रोध वाढतो. म्हणून १६चा पिकअप १३च्या पिकअपहून बलवान असेलच असे नाही. वेढे वाढले की मधला स्वरपट्टा पुढे येतो आणि तीक्ष्णपणा घटतो. अल्निको २ मऊ, अल्निको ५ अधिक ठसठशीत, सिरॅमिक सहसा सर्वांत आक्रमक. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंतचे अंतर ब्रिजपाशी मोजून घ्यावे. नेकच्या पिकअपपेक्षा ब्रिजचा थोडा बलवान असावा. आणि पैसे मोजण्यापूर्वी स्क्रू फिरवून जुन्याच पिकअपची उंची बदलून पाहावी. त्याला खर्च नाही.

१४/ सेथ लव्हर १९६७मध्ये फेंडरकडे गेले आणि तेथे त्यांनी आणखी एक हमबकर घडवला. १९९०च्या दशकात सेमूर डंकन यांच्यासमवेत त्यांनी आपला जुना पिकअप स्वतःच्या नावाने पुन्हा सिद्ध केला. १९९७मध्ये ते गेले. जो ढिलेपणा एकेकाळी उत्पादनातली उणीव होता, त्याचीच नक्कल आज काटेकोरपणे मापून केली जाते.

१५/ मी शेवटी अल्निको ५चा, सुमारे ८ किलोओमचा साधा हमबकर घेतला. १९५९साठी नव्हे, माझा अँप्लिफायर आधीच कर्कश आहे आणि माझा नेकचा पिकअप मवाळ आहे, म्हणून. भूतकाळाला एकच आवाज नव्हता हे कळले, की त्याची बरोबरी करण्याचे ओझे उतरते. मग आपल्या कानाला विचारता येते. तुमच्या गिटारीत ब्रिजला काय बसवले आहे, आणि का? जरूर लिहा.