मराठींतील रीतिभूतकाळाचा इतिहास

राज्यें बदलतात, सरहद्दी बदलतात, नाणीं बदलतात. आणि कालपर्यंत ज्याच्याविषयीं ‘आहे’ म्हणावयाचें, त्याच्याविषयीं एका दिवसांत ‘होतें’ म्हणण्याची पाळी येते. इतिहासकार हा बदल तारखांनीं नोंदवितो. भाषा तो क्रियापदाच्या रूपानें नोंदविते.

हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव तालुक्यांत पुसेगांव नांवाचें एक गांव आहे. सातारा जिल्ह्यांतील सेवागिरी महाराजांच्या यात्रेचें पुसेगांव निराळें. हें पुसेगांव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तें द्विभाषिक मुंबई राज्यांत आलें, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्यांत आलें. आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत त्याची गणना परभणी जिल्ह्यांत होत असे. गांव जागचें हललें नाहीं. परंतु त्याच्याविषयींचीं किती तरी विधानें वर्तमानकाळांतून भूतकाळांत गेलीं.

अशी पालटलेली स्थिति सांगण्यासाठीं इंग्रजी भाषेनें ‘यूज्ड टू’ ही एक स्वतंत्र शब्दजोडी राखून ठेवली आहे. ‘वॉज’ म्हटलें तर गोष्ट पूर्वीं होती एवढेंच कळतें. ती आजहि असेल किंवा नसेल. ‘यूज्ड टू’ म्हटलें कीं बहुधा ती स्थिति आतां राहिली नाहीं, असें ऐकणारा समजतो. ‘वुड’ या शब्दानेंहि जुनी संवय सांगतां येते. परंतु तो क्रियेलाच शोभतो, नुसत्या स्थितीला नाहीं. ‘तो रोज नदीवर जाई’ या वाक्यांत ‘वुड’ चालेल. ‘येथें छावणी होती, आतां नाहीं’ या अर्थीं तो चालणार नाहीं, तेथें ‘यूज्ड टू’च पाहिजे.

गंमत अशी कीं, हें ‘यूज्ड टू’ आरंभीं भूतकाळाचें चिन्ह नव्हतेंच. ‘यूज’ म्हणजे वापरणें, वहिवाट ठेवणें. त्यावरून ‘अमुक करण्याचा परिपाठ असणें’ हा अर्थ निघाला, आणि शेक्सपिअरच्या काळीं तो वर्तमानकाळींहि बोलला जात असे. पुढें वर्तमानाचें रूप लुप्त झालें, भूताचें तेवढें उरलें. आज त्याचा उच्चारहि मूळ क्रियापदाहून वेगळा झाला असून, वापरण्याशीं त्याचें नातें होतें हें इंग्रज माणसाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

मराठीनें हेंच काम दोन ठिकाणीं वांटून दिलें आहे. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची छावणी होती. १९०३ साली ती फौज मोडली. या वाक्यांत मराठी माणूस ‘होती’ म्हणतो, आणि स्थिति पालटली हें सांगावयाचें असेल तर ‘पूर्वीं’ किंवा ‘एके काळीं’ हा शब्द जोडतो. परंतु ‘बाजारांत हाली सिक्का चाले’, ‘आठवड्याच्या बाजाराला भोंवतालचे शेतकरी जमत’, ‘पोळ्याच्या दिवशीं बैल वेशींत उभे असत’ या वाक्यांत निराळेंच रूप येतें. पुन्हां पुन्हां घडणारी, वहिवाटीची गोष्ट तेवढी या रूपांत बसते. ‘पुसेगांव परभणी जिल्ह्यांत असे’ हें वाक्य कानाला खटकतें, कारण गांव कांहीं दर आठवड्यास जिल्ह्यांत जाऊन येत नाहीं. तेथें ‘होतें’च म्हणावें लागतें. इंग्रजींत मात्र हीं सर्व वाक्यें ‘यूज्ड टू’ या एकाच वाटेनें जातात. भाषांतर करणारा विद्यार्थी नेमका येथें अडखळतो.

‘चाले’, ‘जाई’, ‘करी’, ‘असे’ या रूपांना मराठी व्याकरणांत रीतिभूतकाळ म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ प्रसिद्ध केलें आणि मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं निघालें. या परंपरेंत या रूपांना दुसरेंहि एक नांव मिळालें, तें ‘ई-आख्यात’. पहिलें नांव अर्थावरून पडलें आहे, दुसरें प्रत्ययावरून. प्रत्ययावरून नांव ठेवण्यांत शहाणपण आहे, कारण या रूपाचा प्रत्यय तोच राहिला, अर्थ मात्र उलटला.

संस्कृतांत ‘करोति’ म्हणजे ‘करतो’. प्राकृतांत त्याचें ‘करइ’ झालें, आणि मराठींत ‘करी’. अर्थात् ‘करी’ हा मूळचा साधा वर्तमानकाळ होय. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरींत ‘करी’, ‘देखे’, ‘म्हणे’ हीं रूपें वर्तमानाच्या अर्थानेंच सर्वत्र भेटतात, आणि ‘असे’ म्हणजे ‘आहे’. पुढें ‘करीत’ या धातुसाधितापासून ‘करितो’, ‘करतो’ असें नवें रूप बळावलें. डोळ्यांसमोर चाललेल्या गोष्टीसाठीं लोक नवें रूप योजूं लागले. जुन्याला उरलें काय? तर जें नित्य घडतें, जें कथेंत सांगावयाचें असतें, तें. कथा बहुधा होऊन गेलेल्या काळाची असते. म्हणून जुनें रूप हळूहळू गतकाळच्या नित्यक्रमाचें वाचक बनलें. घरांत नवा कर्ता आला म्हणजे वृद्धाकडे जुन्या आठवणी सांगण्याचें काम राहतें, तसाच हा प्रकार झाला.

त्याच्या मूळ अर्थाचे साक्षीदार आजहि घरोघर आहेत. ‘दाम करी काम’ ही म्हण पूर्वींच्या दामाविषयीं नाहीं. आजचाहि दाम काम करतो. ‘आई जेवूं घालीना, बाप भीक मागूं देईना’ यांतील आईबाप कोणी मेलेले नव्हेत. ऐकीव गोष्ट सांगतांना योजिला जाणारा ‘म्हणे’ हा शब्दहि त्याच जुन्या वर्तमानाचा अवशेष आहे. जुन्या दस्तऐवजांत ‘करून दिला असे’ असा शेवट येतो, त्याचा अर्थ ‘दिला आहे’ असाच. इनामाचा असा कागद वाचणाऱ्यानें ‘असे’ या शब्दाला आजचा अर्थ लावला, तर चालूं हक्क त्याला मोडीत निघालेला वाटेल.

भगिनीभाषांकडे पाहिलें म्हणजे मराठीच्या वागण्याचें वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होतें. त्याच प्राकृत ‘करइ’चें गुजरातींत ‘करे’ झालें, आणि ‘करे छे’ या जोडींत तें वर्तमानांतच राहिलें. हिंदी-उर्दूंत ‘वह करे’ म्हणजे ‘त्यानें करावें’. तेथें तें इच्छेकडे वळलें, आणि जुनी संवय सांगण्यासाठीं ‘करता था’, ‘किया करता था’ अशी नवी जोडणी करावी लागली. एका आईचीं तीन मुलें. एक आजच्या काळांत राहिलें, दुसरें उद्यांच्या आशेवर गेलें, तिसरें कालच्या आठवणींत रमलें. निजामी अमदानींत राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि तेंच होतें. घरीं ‘करी’ ऐकावें, शाळेंत ‘करता था’ लिहावें आणि इंग्रजीच्या तासाला ‘यूज्ड टू’ पाठ करावें, अशी तिहेरी कसरत त्या मुलखांतील पुढें शिकणाऱ्या मराठी मुलाला करावी लागे.

या सर्व चर्चेंत केवळ व्याकरणाचाच प्रश्न आहे असें नव्हे. पुसेगांवच्या जवळच कयाधू नदीच्या कांठीं नर्सी हें गांव आहे. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरा त्याला मानते. नामदेवांचा काळ इसवी सन १२७० ते १३५० हा समजला जातो. म्हणजे ‘करी’ हें वर्तमान असण्याचाच तो काळ. त्यांचे अभंग मराठींत आहेत आणि त्यांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत समाविष्ट आहेत. आजचा मराठी वाचक अभंगांतील ‘करी’ वाचतांना नकळत ‘करीत असे’ समजतो. आजचा हिंदी वाचक पदांतील ‘करे’ पाहून ‘करो’ असा अर्थ घेऊं पाहतो. एकाला देव पूर्वीं धांवून येई असें वाटतें, दुसऱ्याला तो येवो अशी प्रार्थना ऐकूं येते. संताच्या मनांत मात्र तो आतां, या क्षणीं येत असतो. प्रत्यय न बदलतां केवळ काळ सरकल्यामुळें प्रत्यक्ष अनुभवाची आठवण होते, किंवा आस होते. सतराव्या शतकांतील तुकोबांच्या अभंगांतहि हें जुनें वर्तमान सर्रास आढळतें. पद्यानें तें गद्यापेक्षां पुष्कळ अधिक काळ सांभाळलें. म्हणून घरीं गाथा वाचतांना मुलांना अर्थ सांगावयाचा असेल, तेव्हां ‘करी’ म्हणजे ‘करतो’ आणि ‘असे’ म्हणजे ‘आहे’ हें आधीं सांगणें अगत्याचें आहे.

आतां या रूपावर दुसऱ्यांदा तीच पाळी आली आहे. बोलण्यांत ‘तो जाई’ असें फारसें कोणी म्हणत नाहीं. ‘तो जायचा’, ‘तेथें बाजार भरायचा’ असेंच म्हणतात. ‘जाई’, ‘करी’, ‘असे’ हीं रूपें ग्रंथांत आणि व्याख्यानांत उरलीं आहेत. जें रूप एके काळीं ‘आहे’ म्हणून सांगत असे, तें पुढें ‘होतें’ म्हणून सांगूं लागलें. आणि आज पुसेगांवच्या बाजारांतला म्हातारा हाली सिक्क्याची हकीकत सांगावयास बसला, तर ‘चाले’ न म्हणतां ‘चालायचा’ म्हणेल.